विंटर्स बोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पिक्चर मी इतक्या जणांना बघायला लावलाय की आता मेसेज आला की पहिल्या दोन शब्दांवरूनच कळतं, प्रश्न जामिनाचा आहे की हातांचा. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढते आहे. तेराव्या प्रश्नापर्यंत शेवट फुटत नाही, तिथपर्यंत बिनधास्त वाचा. चौदापासून पुढचं पिक्चर बघून झाल्यावरच वाचा, ही कळकळीची विनंती.

१. तुम्ही साऊथचा थ्रिलर म्हणालात, मग हा तमिळ आहे की मल्याळम? डब मिळेल का?

हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो, आणि चूक माझ्या बोलण्याची आहे. आपल्याकडे साऊथ म्हटलं की चेन्नई नाहीतर कोची डोळ्यासमोर येतं, इथे मात्र अमेरिकेतलं साऊथ आहे. पिक्चर इंग्रजी आहे, २०१० चा, दिग्दर्शक डेब्रा ग्रॅनिक. गोष्ट घडते मिसुरी राज्याच्या दक्षिणेला, ओझार्क नावाच्या डोंगराळ पट्ट्यात, जो खाली आर्कान्सामध्ये आणि पश्चिमेला ओक्लाहोमापर्यंत पसरलाय. आता मिसुरीला साऊथ म्हणायचं का यावर तिथलेच लोक वाद घालतात, कारण गुलामगिरी तिथे होती पण यादवी युद्धात ते राज्य फुटून निघालं नाही. पण या डोंगरात वस्ती केली ती टेनेसी आणि केंटकीकडून आलेल्या लोकांनी, त्यामुळे बोली, गाणी, जेवण, घराण्यांचा अभिमान हे सगळं साऊथचंच आहे.

२. शेवट न सांगता गोष्ट सांगा ना.

री डॉली, वय सतरा. आई मानसिक आजाराने गप्प झालेली, नुसती बसून असते. सनी आणि अ‍ॅशली ही दोन लहान भावंडं रीच सांभाळते. बाप जेसप मेथ नावाचं ड्रग बनवायचा, पकडला गेला, जामिनावर सुटला आणि गायब झाला. एक दिवस शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, दारात येऊन सांगतो की तुझ्या बापाने जामिनासाठी हे घर आणि मागचं रान लिहून दिलंय, आणि तो तारखेला आला नाही तर तुम्हाला घर सोडावं लागेल. मग ती बापाला शोधायला निघते, बहुतेक वेळा पायीच, एका नातेवाइकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात, आणि प्रत्येक दारात तिला सांगतात की विचारू नकोस, घरी जा. एवढीच गोष्ट आहे, १०० मिनिटांची.

३. ही खरी घटना आहे का?

नाही. डॅनियल वुड्रेल यांच्या २००६ च्या त्याच नावाच्या कादंबरीवरून घेतलीय. पात्रं काल्पनिक, पण वुड्रेल स्वतः ओझार्कमधल्या वेस्ट प्लेन्सला राहून लिहायचे, त्यामुळे माणसं बघून लिहिलेली आहेत हे जाणवतं. खेड्यातल्या गुन्ह्यांच्या अशा गोष्टींना 'कंट्री न्वार' म्हणायला सुरुवात त्यांनीच केली. पुस्तक आणि पिक्चरमध्ये काय बदललं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. इंडिपेंडंट पिक्चर म्हणजे नक्की काय, लो बजेट एवढंच ना?

बजेट कमी होतंच, साधारण २० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने नऊ-साडेनऊ कोटी रुपये, हॉलिवूडच्या मानाने काहीच नाही. पण खरा मुद्दा असा की मोठा स्टुडिओ डोक्यावर नसल्यामुळे कुणी म्हणालं नाही की हिरोईनला जरा बरे कपडे घाला किंवा शेवटी गोळीबार टाका. ग्रॅनिक आणि सहलेखिका अ‍ॅन रोझेलिनी शूटिंगच्या आधीच त्या भागात जाऊन लोकांशी ओळखी करून आल्या होत्या. मग मिसुरीच्या टेनी आणि क्रिश्चन या दोन काउंट्यांमध्ये २००९ च्या हिवाळ्यात, तिथल्या लोकांच्या खऱ्या घरांत, रेड नावाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर शूट झालं. सेट जवळजवळ नाहीच. अंगणातलं भंगार, ट्रॅम्पोलिन, कुत्री, दोरीवरचे कपडे हे सगळं तिथलंच आहे आणि बरीच छोटी कामंही तिथल्याच माणसांनी केलीत. सैन्यभरतीच्या ऑफिसमधला अधिकारी दिसतो ना, तो खरोखरचा भरती अधिकारी होता. त्याचा सीन इतका साधा का वाटतो ते त्यावरून कळेल.

५. जेनिफर लॉरेन्सचा हा पहिला पिक्चर का?

पहिला नाही, त्याआधी टीव्ही आणि दोन-तीन पिक्चर झाले होते, पण जगाने तिला पाहिलं ते इथे. शूटिंगच्या वेळी ती अठरा वर्षांची होती. जन्म केंटकीतला, त्यामुळे बोलीचा लहेजा कानाला ओळखीचा. सुरुवातीला तिला सांगण्यात आलं होतं की तू या रोलसाठी फार सुंदर दिसतेस, तर ती रात्रीचं विमान पकडून न्यूयॉर्कला गेली आणि केस न धुता परत ऑडिशनला उभी राहिली. पुढे २०१२ मध्ये 'द हंगर गेम्स' आला. त्यात पण धाकट्या बहिणीसाठी जंगलात शिकार करणारी मोठी बहीण आहे, तर री आधी बघितलेली असेल तर ती मुलगी कुठून आली ते लगेच ओळखू येतं.

६. ऑस्कर मिळालं होतं ना याला?

नामांकनं चार मिळाली, बेस्ट पिक्चर, अभिनेत्री, सहाय्यक अभिनेता जॉन हॉक्स आणि रूपांतरित पटकथा. जिंकलं एकही नाही. लॉरेन्स तेव्हा वीस वर्षांची होती, आणि मुख्य अभिनेत्रीच्या नामांकनात तोवरच्या इतिहासात तिच्यापेक्षा लहान एकच मुलगी होती. त्याआधी जानेवारी २०१० मध्ये सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला होता. पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो डेल डिकीला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाल्याचा. पिक्चरमधली मेरॅब, थंप मिल्टनची बायको, ती हीच. हॉक्सलाही तिथे मिळाला.

७. मुलांसोबत बघता येईल का?

लहान मुलांसोबत नको. अमेरिकेत याला आर सर्टिफिकेट आहे, ड्रग्ज, शिव्या आणि मारहाण यासाठी. अश्लील काही नाही. एका सीनमध्ये री भावंडांना खार सोलायला शिकवते, ते जवळून दाखवलंय. सनी विचारतो की आतडी पण खायची का, आणि ती म्हणते, अजून तरी नाही. काही जण इथे पिक्चर बंद करतात. पण हा सीन किळस आणायला ठेवलेला नाही. उद्या मी नसले तर तुम्हाला पोट भरता यावं म्हणून ती शिकवतेय, बंदूक धरायलाही शिकवते, आणि हे सगळं एकदाही रडून न दाखवता. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसोबत बसून बघा आणि नंतर बोला, असं मी सांगेन.

८. मी अर्धा तास बघितला, काहीच घडत नाही. यात थ्रिलर कुठे आहे?

पाठलाग, बॉम्ब, मोबाईल ट्रॅकिंग यातलं काही नाही हे खरं. भीती दुसरीकडे आहे. प्रत्येक घरापाशी गेल्यावर री आधी लांब उभी राहते, हाक मारते, आणि कुणीतरी बाहेर येईपर्यंत पुढे पाऊल टाकत नाही. ते नीट बघा. न बोलावता कुणाच्या अंगणात जायचं नाही हा तिथला नियम आहे, आणि तिला तो मोडावा लागणार हे आपल्याला पहिल्याच दारात कळतं. मग पुढचं प्रत्येक दार आधीच्यापेक्षा जड होत जातं. मी दुसऱ्यांदा बघताना फक्त दारं मोजत होते आणि तरीही छातीत धडधडत होतं.

आणि इंग्रजी समजत नाही अशी तक्रार असेल तर सबटायटल लावा. ती डोंगरातली बोली आहे, शहरातल्या अमेरिकन माणसालाही काही वाक्यं दोनदा ऐकावी लागतील.

९. जामिनाचं गणित डोक्यावरून गेलं. बाप पळाला तर मुलांचं घर कसं काय जाईल?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि हे कळलं नाही तर पिक्चरची कळच हातात येत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

आपल्याकडे कोर्टाने जामीन दिला की बहुतेक वेळा एक जामीनदार उभा करावा लागतो. ओळखीचा, नात्यातला, सातबारा नाहीतर पगाराची स्लिप घेऊन येणारा. तो कोर्टाला लिहून देतो की हा माणूस तारखांना येईल, नाही आला तर एवढी रक्कम माझ्याकडून घ्या. म्हणजे आपल्याकडे मध्ये नातं असतं. माझ्या काकांनी एका ओळखीच्या माणसाला असा जामीन दिला होता, तो माणूस दोन तारखा चुकला आणि कोर्टाची नोटीस काकांच्या नावाने आली, तेव्हा काकू सातबाऱ्याची झेरॉक्स हातात धरून ओट्यावर बसून होती ते मला अजून दिसतं. तो माणूस पुढे हजर झाला, जमिनीला काही झालं नाही, पण ते चार आठवडे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हा धंदा आहे. जामिनाची रक्कम आरोपीकडे नसली की तो जामीन एजंटकडे जातो, एजंट साधारण दहा टक्के फी घेतो जी परत मिळत नाही, आणि कोर्टाला सगळ्या रकमेची हमी देतो. बदल्यात तारण म्हणून घर, जमीन, गाडी लिहून घेऊ शकतो. असा पैसे घेऊन जामीन देण्याचा धंदा जगात जवळपास फक्त अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्ये चालतो, आणि अमेरिकेतही केंटकीसारख्या काही राज्यांत त्याला बंदी आहे.

जेसपने हेच केलं. घर आणि रान तारण ठेवलं. तो तारखेला आला नाही तर एजंटला कोर्टात पैसे भरावे लागणार, मग एजंट तारण विकून ते वसूल करणार. त्यात बायको आजारी आहे की मुलं लहान आहेत याचा काही संबंध येत नाही. कुणी क्रूर आहे म्हणून हे होत नाही, शेरीफ आणि एजंट दोघंही तिच्याशी बऱ्यापैकी नीट बोलतात. कागद तसा आहे, बस.

आता यातली खोच. आरोपी पळाला असेल तर तारण जातं. पण तो मेला असेल आणि ते सिद्ध झालं तर हमी संपते, कारण मेलेला माणूस तारीख चुकवू शकत नाही. म्हणजे मुलीने बाप जिवंत आणून उभा करायचा, नाहीतर मेल्याचा पुरावा आणायचा, मधलं काही चालणार नाही. ही अट आपल्या डोक्यात आधी पक्की बसायला हवी, तरच पुढचं सगळं कळतं.

१०. खेड्यात, जंगलात ड्रग्ज बनवतात हे जरा अति नाही का?

अति अजिबात नाही. २००० नंतरच्या दशकात मेथच्या घरगुती अड्ड्यांच्या कारवायांत मिसुरी अनेक वर्षं अमेरिकेत सगळ्यात वर होतं. लांब लांब घरं, नोकऱ्या नाहीत, वास आला तरी तक्रार करायला शेजारी नाही. यासाठी लागणारा एक घटक सर्दीच्या साध्या गोळ्यांमध्ये मिळायचा, म्हणून २००६ मध्ये देशभर कायदा आला की त्या गोळ्या काउंटरमागे ठेवायच्या आणि ओळखपत्र बघून मोजून द्यायच्या. पिक्चरमध्ये ड्रग बनवताना एकदाही दाखवत नाहीत. दिसतात ते त्याचे परिणाम, गालफाडं बसलेली माणसं, जळून काळं पडलेलं घर, आणि कोण काय करतं हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी नाव घेत नाही हे.

११. रीला आर्मीत का जायचंय? देशप्रेम वगैरे?

पैशासाठी. भरतीच्या वेळी ४०,००० डॉलर मिळतात असं तिने जाहिरातीत वाचलंय. शाळेतही कवायत करणारी मुलं ती खिडकीतून बघते, तिच्या भागातून बाहेर पडायचा तो एकच रस्ता दिसतो. पण वय सतरा म्हणजे आईबापांच्या सह्या लागणार, आई सही करण्याच्या अवस्थेत नाही आणि बाप सापडत नाही. भरतीचा अधिकारी तिला हाकलत नाही, ओरडत नाही, शांतपणे सगळं विचारतो आणि सांगतो की पैसे लगेच मिळत नाहीत आणि भावंडांना बरोबर नेता येत नाही, तर घरी थांबायलाच जास्त धैर्य लागेल. पिक्चरमधलं सगळ्यात प्रेमळ बोलणं एका परक्या सरकारी माणसाच्या तोंडी आहे, आणि नेमका तोच काही करू शकत नाही.

१२. सगळे एकमेकांचे सख्खे-चुलत आहेत, मग कुणीच मदत का करत नाही?

इथे आपला एक शब्द वापरते, भावकी. हा शब्द ज्याला कळतो त्याला हा पिक्चर अमेरिकन माणसापेक्षा लवकर कळतो असं माझं ठाम मत आहे. री प्रत्येक दारात हेच म्हणते की आपण नात्यातले आहोत, आपल्यात थोडं तरी एक रक्त आहे. आणि समोरचे ते नाकारत नाहीत. पण त्याच नात्यामुळे तिचा प्रश्न धोक्याचा होतो, कारण उत्तर दिलं तर दुसरा कुणी नातेवाईक तुरुंगात जाणार. पोलिसांपुढे तोंड उघडायचं नाही हा भावकीचा कायदा, आणि जेसपने तो मोडला असावा अशी कुजबुज सुरुवातीपासून आहे.

मदत अजिबात होत नाही असंही नाही बरं का. शेजारची सोन्या संध्याकाळी खायचं सामान आणून देते, पण देता देता शेरीफ कशाला आला होता तेही विचारून घेते. त्याआधी तिच्या घरी हरण सोलताना बघून सनी म्हणतो की मागूया का थोडं, तर री त्याला बजावते की जे त्यांनी आपणहून द्यायला पाहिजे ते आपण मागायचं नाही. घोड्याची वैरण संपली तेव्हा मात्र तिला घोडा सोन्याच्याच गोठ्यात नेऊन बांधावा लागतो. मैत्रीण गेल गाडी द्यायला तयार असते, नवरा नाही म्हणतो, ती आधी मान खाली घालते आणि नंतर एक दिवस बाळ घेऊन गाडीसकट येते. मदत आहे, पण प्रत्येक घासामागे किंमत आहे किंवा कुणाचा तरी नवरा आहे.

१३. पुस्तक आणि पिक्चरमध्ये काय फरक आहे? आणि ती गाणी कुणाची?

पुस्तकात रीला दोन भाऊ आहेत. पिक्चरमध्ये धाकटी बहीण झाली, कारण ज्या घरात शूटिंग केलं तिथेच राहणारी अ‍ॅशली ही छोटी मुलगी सगळ्यांना इतकी आवडली की तिलाच घेतलं, नावही तेच ठेवलं. पुस्तकात सगळीकडे बर्फ आहे, पिक्चरमध्ये नाही, नुसतं करडं कोरडं रान. मला विचाराल तर हे बरं झालं, बर्फ सुंदर दिसतो आणि इथे सुंदर काही दिसायला नको होतं.

सुरुवातीला बिनसाथीचा जो बाईचा आवाज येतो तो मॅरिडेथ सिस्को यांचा, त्या त्याच भागातल्या गायिका आणि लोकपरंपरेच्या अभ्यासक. गाणं आहे 'मिसुरी वॉल्ट्झ', १९४९ पासून राज्याचं अधिकृत गाणं. पुढे एका घरात वाढदिवसाची मैफल जमलेली असते तिथे त्या स्वतः गाताना दिसतात. पिक्चरमध्ये एक बॅन्जोही आहे. बॅन्जो म्हटल्यावर आपल्याकडच्या वरातीतला बेंजो डोळ्यासमोर आणू नका, ते वाद्य वेगळं. हा गोल, चामडं ताणलेला, मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांच्या वाद्यांपासून बनलेला आणि मग या डोंगरात घराघरात रुजलेला. तो जेसपचा आहे, हे लक्षात ठेवा, प्रश्न १९ मध्ये लागेल.

इथून पुढे शेवट फुटतो.

१४. जळलेल्या घराचा सीन कळला नाही. तो शेजारी खोटं बोलतोय हे तिला कसं समजलं?

गवतावरून. शेजारचा ब्लॉन्ड मिल्टन तिला गाडीत घालून एका जळक्या घराकडे नेतो आणि सांगतो की तुझा बाप इथे ड्रग बनवताना स्फोटात मेला. सोयीचं उत्तर आहे, शोध थांबेल. पण रीने आत हनुवटीएवढं वाढलेलं रानगवत बघितलेलं असतं. एवढं गवत वाढायला एक अख्खा पावसाळा-उन्हाळा जावा लागतो, आणि जेसप तर परवापर्यंत जिवंत होता. म्हणजे आग जुनी. कुठला डिटेक्टिव्ह नाही, लॅब नाही, शेतावर वाढलेल्या मुलीची नजर आहे. आणि त्यातून तिला दुसरंही कळतं, की हे मुद्दाम खोटं सांगतायत म्हणजे बाप मेलाय आणि यांना ते माहीत आहे.

१५. तिला मारतात त्या सगळ्या बायकाच का? पुरुष नुसते उभे का?

मलाही पहिल्यांदा हे खटकलं होतं. भावकीचा प्रमुख थंप मिल्टन, त्याच्या दारात री पहिल्यांदा गेली तेव्हाच त्याची बायको मेरॅब विचारते की हे करायला तुमच्या घरात कुणी पुरुष नाही का. री म्हणते नाही. परत येऊ नकोस असं बजावूनही ती गुरांच्या लिलावात थंपला हाका मारत मागे धावते आणि परत त्याच दारात जाते. मग मेरॅब आणि तिच्या बहिणी तिला आत ओढून नेतात.

कारण पुढच्या सीनमध्ये मिळतं. काका टिअरड्रॉप तिला न्यायला येतो तेव्हा मेरॅब त्याला आधी हेच सांगते की एकाही पुरुषाने पोरीला हात लावलेला नाही, मारलं ते मी. पुरुषाने हात लावला असता तर टिअरड्रॉपला पुरुषांशी हिशोब करावा लागला असता आणि दोन घराण्यांत मुडदे पडले असते. बायकांनी मारलं की तो हिशोब उघडत नाही. घराण्याची घाण कामं बायकांच्या हाताने करून घ्यायची आणि इज्जत पुरुषांची राखायची, ही पद्धत मिसुरीतच आहे असं म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही.

१६. टिअरड्रॉप आधी तिचा गळा धरतो आणि नंतर तिच्यासाठी उभा राहतो. हा माणूस नक्की कसा आहे?

घाबरलेला आहे, आणि ते दाखवायची त्याला परवानगी नाही. सुरुवातीला तो तिला हाताने धरून गप्प करतो कारण ती मरेल असं त्याला वाटतं. पण मिल्टनच्या गोठ्यात, रक्ताने माखलेल्या रीसमोर, त्याला थंप विचारतो की तू हिची जबाबदारी घेतोस का, आणि तो म्हणतो की हिने काही चुकीचं केलं तर माझ्याकडून वसूल करा.

आता प्रश्न ९ परत आठवा. हा जामीनच आहे! तारण जमीन नाही, स्वतःचा जीव. बापाने कोर्टात मुलांचं घर तारण ठेवलं आणि काकाने भावकीच्या कोर्टात स्वतःला ठेवलं. हा पिक्चर मला इतका का लागतो याचं उत्तर या एका सीनमध्ये आहे. जॉन हॉक्सचा चेहरा बघा तिथे, कागद नाही, सही नाही, आणि सगळ्यांना माहीत आहे की हा शब्द आता मोडता येणार नाही.

नंतर शेरीफ त्याची गाडी अडवतो तो आरशातला सीनही याच हिशोबात बसतो. टिअरड्रॉपच्या मांडीवर बंदूक आहे, तो उतरत नाही, शेरीफ माघार घेतो. जेसप खबरी झाला हे शेरीफकडूनच फुटलं असा टिअरड्रॉपचा राग आहे. नंतर शेरीफ रीला सांगतो की तू गाडीत होतीस म्हणून मी गोळी घातली नाही, आणि ते कुणाला सांगू नकोस.

१७. दोन्ही हात कशाला? एकाने भागलं नसतं का?

रात्री मेरॅब आणि बहिणी तिला डोक्यावर पिशवी घालून नेतात, मग होडीतून उथळ तळ्यात. री गार पाण्यात हात घालून बापाच्या प्रेताचे हात धरते, मेरॅब चेनसॉ चालवते. एक हात कापून झाल्यावर रीने सोडून दिलं तर मेरॅब म्हणते दुसरा पण हवा, पोलिसांना ही युक्ती माहीत आहे. कारण एक हात कापून घेऊन माणूस जिवंत पळू शकतो. ऐकायला भयानक आहे, पण कोर्टाचं तर्कशास्त्र तेच आहे. बोटांचे ठसे दोन्ही हातांचे मिळाले तर मेल्याचं मानावं लागतं.

री ते पिशवीत शेरीफकडे देते आणि म्हणते की कुणीतरी ओट्यावर टाकून गेलं. त्याला पटत नाही, पण कागदाला जे हवं ते मिळालं, घर वाचलं. ज्या बाईने तिचे दात पाडले तीच तिला न्यायला येते, कारण सगळीकडे बोललं जायला लागलं होतं आणि ते थांबवायचा स्वस्त मार्ग हाच होता. यात दया किती आणि हिशोब किती हे मला दहा वेळा बघूनही वेगळं करता आलं नाही. डेल डिकी दोन्ही एकाच चेहऱ्यावर ठेवते.

१८. शेवटी एजंट पैशाची पिशवी देतो ते पैसे कुणाचे? आणि जेसपला मारलं कुणी?

घर आणि रान मिळूनही जामिनाची रक्कम पुरत नव्हती, तेव्हा कुणी एक अनोळखी माणूस रोख पैसे भरून गेला आणि जेसप सुटला. म्हणजे ज्यांना तो मेलेला हवा होता त्यांनीच त्याला बाहेर काढलं, आत असता तर हात लागला नसता. नाव न सांगणारा माणूस पैसे परत मागायला येणार नाही, त्यामुळे उरलेली रक्कम एजंट मुलीच्या हातात देतो. बापाच्या मरणाचे पैसे, आणि ती ते घेते, कारण घरात खायला पाहिजे.

कुणी मारलं हे पिक्चर सांगत नाही आणि ते विसरलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय. टिअरड्रॉपने रीला आधीच बजावलेलं असतं की तुला नाव कळलं तरी मला सांगू नकोस, कारण मला कळलं तर मला जावं लागेल. शेवटी तो येतो, मुलांसाठी खोक्यातून कोंबडीची पिल्लं आणतो, आणि जाताना म्हणतो की मला कळलंय कोण ते. एवढंच. तो परत येणार नाही हे रीच्या चेहऱ्यावर दिसतं. ती त्याला अडवत नाही.

१९. अगदी शेवटी ती छोटी मुलगी बॅन्जो वाजवते त्याचा अर्थ काय? मला वाटलं पिक्चर मध्येच तुटला.

तुटला नाही. री बापाचा बॅन्जो टिअरड्रॉपला देऊ करते, तो चार सूर वाजवतो आणि म्हणतो की राहू दे इथेच माझ्यासाठी, आणि निघून जातो. सनी विचारतो की पैसे आले म्हणजे तू आता आम्हाला सोडून जाणार का. ती सांगते की तुमचं ओझं पाठीवर नसलं तर मीच हरवेन. तिघं ओट्यावर बसलेली, पिल्लं हातात. मग अ‍ॅशली तो बॅन्जो उचलून मांडीवर घेते, तिला येत नाही, ती एक तार छेडते, मग दुसरी. री तिच्याकडे बघत नाही, समोर रानाकडे बघत राहते, आणि पडदा काळा होतो तरी तार ऐकू येत असते.